बाटलीवर ‘हर्बल’, मग आत काय?

द्राक्षाचा हंगाम आला की दुकानाच्या फळीवर हिरव्या पानांच्या चित्रांच्या बाटल्या लागतात. ‘निर्विष’, ‘झिरो रेसिड्यू’ (म्हणजे फळात औषधाचा अंश राहत नाही), ‘वनस्पतिजन्य अर्क’. लेबलवर लिहितात ‘पीकवाढीसाठी’ आणि तोंडाने सांगतात, ‘थ्रिप्स (फुलकिडे) उद्या सकाळी साफ.’

अहो, कीड मारणार म्हणून विकताय ना? मग ते कीटकनाशकच झालं! १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने त्याला फरीदाबादच्या केंद्रीय नोंदणी समितीची नोंदणी लागते. ती चुकवायला बायोस्टिम्युलंटचं, म्हणजे पीकवाढीला चालना देणाऱ्या पदार्थाचं, नाव द्यायचं. २०२१ मध्ये ते खत नियंत्रण आदेशात आले, तिथेही कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.०१ भाग) वर चालत नाही. पण बाटली तपासतो कोण?

निंबोळीतलं अ‍ॅझाडिरॅक्टिन किडीचं खाणं तोडतं, कात टाकणं बिघडवतं. त्याला काही दिवस जातात. रात्री फवारलं आणि सकाळी किडीचा खच पडला, तर आत रसायन असल्याचा दाट संशय घ्या. कोणतं, ते माहीत नाही, म्हणून काढणीआधी किती दिवस थांबायचं तेही माहीत नाही. युरोपात स्वतंत्र मर्यादा नसलेल्या औषधाला फळात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच सूट आहे. माल नापास झाला की भुर्दंड बागायतदाराला, दुकानदार मोकळा! आणि फवारणाऱ्याला विषबाधा झाली तर डॉक्टरने उतारा कशावर द्यायचा?

नोंदणीकृत निंबोळी औषधातही घोळ घालतात. ३०० पीपीएमचं लिटरला ५ मिली घातलं तर १.५ मिलिग्रॅम अ‍ॅझाडिरॅक्टिन पडतं, १०,००० पीपीएमचं २ मिली घातलं तर २०. तरी विकताना नुसतं ‘नीम ऑइल द्या’! त्यात पाणी क्षारयुक्त, फवारणी भर उन्हात, म्हणजे उरलासुरला गुणही जातो. मग ‘नीमने काही होत नाही’ म्हणून तीच अनोळखी बाटली गळ्यात मारायची.

त्यापेक्षा घरचा ५ टक्के अर्क करा. ५ किलो कुटलेली निंबोळी रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवायची, फडक्याने गाळायची, २०० ग्रॅम साबणचुरा विरघळवून १०० लिटर करायचं, त्याच दिवशी संध्याकाळी फवारायचं. स्वतःच्या शेतात वापरायला कायद्याची आडकाठी नाही.

विकत घेणार असाल तर लेबलवर नोंदणी क्रमांक, घटकाची टक्केवारी, उतारा आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत चौकोन पाहा. यातलं एक जरी कमी असेल तर बाटली परत ठेवा. पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर लिहून मागा. बघा, लगेच ‘विश्वास नाही का?’ सुरू होतं आणि बिलावर नुसतं ‘पीजीआर’ (पीकवाढ नियंत्रक) येतं.