गच्चीवरचा टॉवर, उशीखालचा फोन

नाशिकच्या सोसायटीतला फ्लॅट अजून आईच्या आणि माझ्या नावावर आहे, म्हणून मी सोसायटीच्या ग्रुपवर आहे. इकडे स्वित्झर्लंडमध्ये मी सकाळच्या ट्रॅममध्ये बसेपर्यंत तिकडची निम्मी भांडणं होऊन गेलेली असतात. गेलं वर्षभर विषय एकच होता: गच्चीवरचा मोबाइल टॉवर.

एके दिवशी बी विंगमधल्या काकांनी टाकलं, 'टॉवरखाली राहणं म्हणजे चोवीस तास मायक्रोवेव्हमध्ये बसणं.' खाली अठरा जणांचे जोडलेले हात. संध्याकाळी त्याच काकांनी फोनच्या पाठीवर चिकटवायच्या, 'रेडिएशन शोषून घेणाऱ्या' स्टिकरचा फोटो टाकला. दहा घेतले तर एक फुकट. 2020 मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी मोबाइलचं रेडिएशन कमी करते म्हणून शेणाची चिप दाखवली होती, तीही कुणीतरी उकरून काढली. माझं डोकं सटकलं. ट्रॅममध्ये उभ्या उभ्या अंगठ्याने निबंध लिहिला.

मायक्रोवेव्ह ओव्हन सात-आठशे वॅट एका बंद डब्यात कोंडतो. टॉवरचा झोत समोर, लांबवर जातो. थेट खालच्या घरात येतं ते त्यातलं थोडं, आणि मध्ये स्लॅब. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली, म्हणजे 900 मेगाहर्ट्झला 4.5 ऐवजी 0.45 वॅट प्रति चौरस मीटर. शंका असेल तर दूरसंचार विभागाकडे पैसे भरून मोजून घ्या. आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' म्हटलं, त्याच 2बी गटात आशियाई लोणचीही आहेत. मग बरण्यांविरुद्ध सह्या कधी गोळा करताय? (ती लोणची चिनी-कोरियन धाटणीची, आपली कैरीची नव्हेत. एवढं मी सोयीने गाळलं.) याच आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या 2024 च्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही, हेही ठोकून दिलं.

खाली मामेभावाचं एकच वाक्य. तो त्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर राहतो. 'ताई, तुला तिकडून बोलायला काय जातं? तुझ्या डोक्यावर आहे का टॉवर?'

डोक्यावर नाही, पण येऊ घातला होता. आमच्या कोपऱ्यावरच्या मिग्रोस सुपरमार्केटच्या छपरावर काठ्या उभ्या राहिल्या, म्हणजे इथे काहीतरी बांधणार हे सगळ्यांना कळलं. मंगळवारी, माझ्या कपडे धुण्याच्या वारी, तळमजल्यावरच्या बाई वॉशक्यूखेमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या सामायिक धुण्याच्या खोलीत, आइनश्प्राखेचा म्हणजे लेखी हरकतीचा कागद घेऊन हजर. मुद्दे थेट आमच्या काकांचे: मुलांची झोप, डोकेदुखी, मधमाश्या. फक्त ओरडणं नाही, आणि कागदाला नकाशा जोडलेला, त्यावर कंपासने काढलेलं वर्तुळ. शेजारच्या ड्रोगरीत, म्हणजे साध्या औषधांच्या दुकानात, राउटरपाशी ठेवायचे काळे दगड मिळतात. किंमत स्टिकरच्या कितीतरी पट, वेष्टन मात्र फार सुंदर. 2019 मध्ये बर्नला 5जी विरोधात हजारो लोक जमले होते, तेव्हा मी ऑफिसात हसले होते. नाशिकच्या काकांवर जशी चिडते, तशी या लोकांवर मला चिडता येत नाही. का, ते नीट सांगता येणार नाही. परक्याच्या वेडाला आपण चटकन 'त्यांची पद्धत' म्हणून टाकतो.

आणखी एक गोष्ट मी ग्रुपवर लिहिली नाही. इथल्या 1999 च्या अध्यादेशाप्रमाणे घर, शाळा अशा जागी एका अँटेना-संचाला 4 ते 6 व्होल्ट प्रति मीटरची मर्यादा आहे. आपले 0.45 वॅट त्याच मापात मोजले तर 13 व्होल्टच्या आसपास येतात. 'भारताने जगाच्या एक दशांश केली' हे वाक्य छाती फुगवून लिहिलं. मी स्वतः जिथे झोपते तिथली मर्यादा त्याहून कडक आहे, हे खिशात ठेवलं. टॉवरच्या भाड्यामुळे आमचा मेन्टेनन्स कमी येतो आणि तो मी भरते, हेही.

त्या कागदावर सही करायला नागरिकत्व लागत नव्हतं, वर्तुळाच्या आत राहणं पुरे होतं. अकरा वर्षांत या गावाने पहिल्यांदाच मला लेखी विचारलं होतं की तुझं काय म्हणणं आहे. 'विचार करते' म्हणून मी कपड्यांच्या घड्या घातल्या. कागद फ्रिजवर मॅग्नेटखाली राहिला आणि मुदत गेली. विज्ञानाची बाजू घ्यायची म्हणून सही टाळली, असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे, यांच्या छपराबद्दल बोलणारी मी कोण, असं वाटलं. जिथे मी वर्षातून पंधरा दिवस राहते त्या गच्चीबद्दल मात्र तीन स्क्रीन भरतील एवढं लिहिलं.

करार संपला तेव्हा सभेने नूतनीकरण नाकारलं आणि टॉवर उतरला. आठवड्याभरात काकांचा मेसेज: 'घरात रेंज येत नाही, कंपनीकडे सामूहिक तक्रार करावी.' मी फोन बंद करून खिडकीबाहेर बघत बसले.

कारण आता खरी गंमत आहे. जवळ टॉवर असला की फोन कुजबुजतो. लांब गेला की ओरडतो, पार 0.2 वॅटपर्यंत. आणि तो ओरडतो कानाला लागून. आईच्या बेडरूममध्ये आता रेंजची एकच काडी असते. रात्री ती फोन उशीखाली ठेवते. नुसता पडलेला फोन फारसं काही फेकत नाही हे मला ठाऊक आहे, तरी म्हटलं, "आई, लांब ठेवत जा गं तो."

"लांब ठेवला तर तुझा फोन आलेला कळायचा नाही."

गेल्या रविवारी मी व्हिडिओ कॉल लावला तर ती गॅलरीत होती. कपड्यांच्या दोरीखालून वाकून, पलीकडच्या सोसायटीच्या टॉवरकडे फोन धरून. "तुटतोय बघ आवाज," ती म्हणाली. "थांब, जरा पुढे होते." कठड्यावरचा तिचा हात तेवढा दिसत राहिला, आणि चित्र तिथेच अडकलं.