सेल बदलले म्हणून कळलं

आमच्या घरी बीपीची मशीन चार वर्षांपासून आहे. सासूबाईंसाठी घेतलेली. सकाळी त्यांचा चहा झाला की मी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळायची, बटण दाबायची, आकडा वहीत लिहायची. चार वर्षांत तो पट्टा एकदा आपल्याही दंडाला लावून बघावा, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

जानेवारीत मशीनचे सेल संपले. नवे टाकले आणि चालू झाली का बघायला म्हणून स्वतःलाच लावली. १६८/१०४. परत लावली. १६४/१०२. "मशीन बिघडली वाटते," मी म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "आण इकडे, मला लावून पाहा." त्यांचं आलं १३२/७८, नेहमीसारखं. मशीन चांगली होती.

मी ४३ वर्षांची आहे. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती. थकवा होता, पण मुलाचं दहावीचं वर्ष, नोकरी, सासूबाईंचे गुडघे, या सगळ्यात थकवा येणारच असं मी धरून चालले होते. बीपीचं हेच वाईट आहे. वर्षानुवर्षं काही जाणवत नाही आणि आतल्या आत मूत्रपिंड, डोळे, हृदय, मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होत राहतात.

डॉक्टरांनी सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून आणायला सांगितलं. कसं मोजता तेही विचारलं, आणि तेव्हा कळलं की चार वर्षं मी सासूबाईंचंही चुकीचंच मोजत होते. चहानंतर लगेच, ब्लाउजच्या बाहीवरून, त्या पलंगावर पाय लोंबकळत बसलेल्या आणि आम्ही दोघी गप्पा मारत. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नको. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. बोलायचं नाही. मिनिटभराने दुसऱ्यांदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. दवाखान्यात १४०/९० पासून पुढे बीपी जास्त धरतात, घरी मोजलेलं असेल तर १३५/८५ पासून. माझी सात दिवसांची सरासरी १५८/९८ आली. सोबत रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.८. बाईचं १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया.

हे सगळं इथे लिहिते आहे कारण माझ्यासारख्या बाया घरोघरी आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांमध्ये ॲनिमिया निघाला. आपल्याला घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्यांची वेळ पाठ असते, आपली फाईल मात्र बाळंतपणानंतर उघडलेली नसते. "आई कधी थकत नाही" असले मेसेज आले की मला आता राग येतो. आई थकते. ती थकते हे कुणी बघत नाही आणि तिनेही ते लपवायचं, यालाच आपण प्रेम म्हणत आलो. स्वतःची काळजी म्हणजे पार्लर किंवा चार दिवसांची सहल, असंही एक डोक्यात बसलं आहे. मला तसं वाटत नाही. आपली गोळी वेळेवर घेणं, गरम जेवण सगळ्यांसोबत बसून जेवणं, तहान लागली की हातातलं काम ठेवून पाणी पिणं, ही काळजी आहे. ती घराच्या वेळापत्रकात बसवावी लागते. वेळ मिळाला तर करू म्हटलं की वेळ मिळत नाही.

माझी गोळी आता चहापत्तीच्या डब्याला टेकून असते. आधी गोळी, मग गॅस पेटवायचा. दोन महिन्यांत आकडा उतरला तेव्हा एका नातेवाईक बाईंनी सांगितलं, "आता बंद कर, नाही तर जन्मभर मागे लागते." गोळी चालू आहे म्हणून आकडा उतरलेला असतो हो. डॉक्टरांना न विचारता बंद केली की तो परत चढतो. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घेते, आणि जेवणावर लगेच लागणारा चहा सोडला, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. हा चहा सोडणं सगळ्यांत जड गेलं.

मिठाचं मात्र मी हिशेब मांडून पाहिलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ हवं, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. आम्ही घरात पाच जण. दिवसाचे २५ ग्रॅम धरले तर किलोची पिशवी ४० दिवस पुरायला हवी. मी पिशवीवर पेनाने तारीख घातली. २४ व्या दिवशी संपली. म्हणजे माणशी आठ ग्रॅमच्या वर, आणि त्यात लोणचं, पापड, सांडगी मिरची, शेव-चिवडा, रविवारच्या तर्री-पोह्यांची तर्री धरलेलीच नाही. तेव्हापासून भातात मीठ नाही, कणकेत नाही. मुलगा दोन दिवस कुरकुरला, तिसऱ्या दिवशी विसरला. ताटात लोणच्याची एकच फोड. ताकात मिठाऐवजी जिरेपूड आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. मागची पिशवी ३५ दिवस गेली.

आता उन्हाळा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे आपल्याला कुणी सांगायला नको. कूलरला वाळ्याच्या ताट्या लागतात, माठ भरला जातो, पण म्हातारी माणसं पाणी पितात का हे कोण बघते? वय झालं की तहान कमी लागते. सासूबाई तर मुद्दाम कमी प्यायच्या. रात्री उठावं लागलं की गुडघे दुखतात आणि अंधारात पडायची भीती वाटते, हे त्यांनी किती दिवस कुणाला सांगितलंच नव्हतं. मग पॅसेजमध्ये रात्रभर जळणारा छोटा दिवा लावला आणि पाणी दिवसा वाढवलं. सकाळी लिटरची बाटली त्यांच्या खुर्चीजवळ ठेवते, चारपर्यंत ती संपलेली असली पाहिजे. बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर काढतात, त्यामुळे उन्हाळा लागायच्या आधी डॉक्टरांना गोळ्या दाखवून विचारून घ्या. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा आजार आहे, त्यांनी पाणी किती प्यायचं तेही विचारूनच ठरवा. आपल्या मनाने गोळी थांबवू नका.

आणि आपण स्वतः? सीताबर्डीला, इतवारीला खरेदीला निघताना मी घरून पाणी पिऊनच निघत नसे, कारण बाजारात जायचं कुठे हा प्रश्न. माझ्या ओळखीच्या सगळ्या बाया हेच करतात. भर उन्हात तीन-चार तास पाण्याविना. पुरेशी स्वच्छ स्वच्छतागृहं बाजारात असायला हवीत, ही मागणी आपण मोठ्याने केली पाहिजे. तोवर मी बाजार सकाळी दहाच्या आत उरकते. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागायचं थांबत नाही. पाणी, सावली, डोक्याला दुपट्टा, याने थांबते. कुणी उन्हातून येऊन बरळायला लागला, अंग तापलं, शुद्ध हरपायला लागली, तर १०८ ला फोन करा, अंगावर पाणी टाका, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

माझे आई-बाबा वर्ध्याला असतात. रोज फोन होतो. "तब्येत कशी आहे?" "बरी आहे." वर्षानुवर्षं हेच. मार्चमध्ये गेले तेव्हा सहज बाबांचा गोळ्यांचा डबा उघडला. महिन्याच्या गोळ्या पाच तारखेला आणलेल्या, आणि २८ तारखेला १८ शिल्लक. मी बोटांनी मोजल्या, परत मोजल्या. बारा दिवसांच्या गोळ्या घेतल्याच नव्हत्या. विचारलं तर म्हणाले, "एक दिवसाआड घेऊन राहिलो. दोन महिने पुरतात, उन्हात दुकानात जावं लागत नाही." त्यांना मला त्रास द्यायचा नव्हता, एवढंच होतं ते. त्या रात्री मला झोप लागली नाही. आता फोनवर मी "तब्येत कशी" विचारतच नाही. आज सकाळी किती आलं, पाकिटात किती उरल्या, दुपारी काय जेवले, हे विचारते. या प्रश्नांना "बरी आहे" असं उत्तर देता येत नाही. आकडे खरे की मला बरं वाटावं म्हणून सांगितलेले, हे आईच्या आवाजावरून कळते.

पुरुषांबद्दलही लिहायचं आहे, आणि ते मी माझ्या भावाला विचारून लिहिते आहे. कॉलेजपासून खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला. दिवसाला चार-पाच पुड्या. "काही होत नाही ताई," हे मी वीस वर्षं ऐकलं. संक्रांतीला तो जेवताना भाकरीचे बारीक तुकडे करून खात होता. तोंड पूर्ण उघडत नव्हतं. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात मावतात का बघायचं असतं, त्याची दोनच मावली. तिखटही तोंडात झोंबायचं म्हणाला, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. कॅन्सर नाही, पण कॅन्सरच्या आधीची पायरी आहे, असं डेंटलच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्याला खर्रा सोडून आज ८७ दिवस झाले. तुमच्या घरी कुणी खर्रा खात असेल तर आज जेवणाआधी ही तीन बोटं बघा. भांडू नका, फक्त बघा.

मी सध्या पहाटे साडेपाचला फुटाळा तलावाच्या काठाने अर्धा तास चालते, आठवड्यातून पाच दिवस. डबे तेवढा वेळ नवरा बघतो. सुरुवातीला भाजी करपायची, आता करपत नाही. सकाळी पट्टा सासूबाई मला बांधतात. "बोलू नको, हात सैल सोड," असं बजावतात आणि माझा आकडा त्यांच्या खालच्या ओळीत लिहितात. काल १२६/८२ होतं.

मागच्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधल्या नऊ बायांचं बीपी मी आमच्याच मशीनवर मोजलं. दोघींचं दोन्ही वेळा १५० च्या वर आलं. एक दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन आली. दुसरी म्हणते, मुलीची परीक्षा आटोपली की जाईन. तिची परीक्षा सहा तारखेपर्यंत आहे आणि मला तोवर थांबायचं नाही. उद्या साडेनऊची वेळ घेतली आहे, सव्वानऊला मी तिच्या दारात जाऊन उभी राहणार आहे.