नाशिकच्या पेटीचा हिशोब

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की हे मुंबईत पेटी (हार्मोनियम) जुळवायचे 3,500 घेतात आणि नाशिकला आले की 6,500, गाव बघून भाव लावतात. वर त्याच फेरीत शेजारच्या क्लासची पेटी केली आणि प्रवासाचे पैसे त्यांच्याकडूनही पूर्ण घेतले.

गाव बघून भाव नाही लावत हो. कामाचे पैसे दादर असो, नाशिक असो, कोल्हापूर असो, 3,500च. वरचे 3,000 तिकीट, मुक्काम आणि बुडालेल्या दिवसाचे. सकाळची तपोवन पकडून नाशिकरोडला उतरलो, तिथून रिक्षाने गंगापूर रोड, पेटी उघडेपर्यंत अकरा वाजून गेले, तेवढ्यात दादरला माझी एक पेटी अर्धी झालेली असते. त्यात तुमची खर्ज-नर, म्हणजे प्रत्येक पट्टीला खालचा आणि मधला असे दोन सूर (आतल्या पितळी जिभा), 42 पट्ट्या म्हणजे 84 सूर, एकेक ऐकायचा, बाहेर काढायचा, चढवायचा असेल तर टोकाकडे घासायचा, उतरवायचा तर मुळाकडे, परत बसवायचा, जोडीतल्या दुसऱ्या सुराबरोबर लहर येते ती थांबेपर्यंत हेच चालू. मधल्या सप्तकातला पांढरी दोनचा, म्हणजे दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा, सूर चार वेळा काढला होता, तुम्ही समोरच होतात. तिथे घाई चालत नाही, घासून गेलेलं पितळ परत लावता येत नाही. आणि ताजा घासलेला सूर रात्रीत थोडा हलतो म्हणून सकाळी परत ऐकावाच लागतो, मुक्काम त्यासाठी. आधी मी फक्त तिकिटाचे घेऊन त्याच दिवशी परत यायचो, मग पुण्याच्या एका पेटीचे सूर आठवड्यात हलले आणि पदरचे पैसे घालून परत जावं लागलं, तेव्हापासून मुक्काम केल्याशिवाय बाहेरगावचं काम घेत नाही.

पण क्लासचं तुम्ही म्हणताय ते शंभर टक्के बरोबर आहे. त्यांचा फोन आला तेव्हा मी तुमच्याकडेच बसलो होतो, नेहमीचा आकडा सांगून टाकला, फेरी एकच आहे तर प्रवास दोघांत वाटायला हवा हे डोक्यातच आलं नाही. चूक माझी. तुमचे 1,500 आज दुपारी जीपेवर परत टाकलेत, क्लासचेही टाकलेत. आणि तुम्हाला फोनवर एकदम 6,500 सांगितले, काम किती प्रवास किती हे वेगळं करून सांगितलं नाही, तेही चुकलंच. यापुढे बाहेरगावच्या प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर दोन्ही आकडे आधी वेगवेगळे लिहून पाठवीन, आणि एका गावात दोन-तीन कामं निघाली तर प्रवास सगळ्यांत वाटला जाईल.

तुमचं मुंबईला येणं असेल आणि पेटी गाडीत आणता आली तर दादरला घेऊन या, 3,500तच होईल, फक्त वर दुसरं सामान ठेवू नका. आणि तो पांढरी दोनचा सूर परत ओरडायला लागला असेल तर कळवा, पुढच्या महिन्यात नाशिकला यायचंच आहे, तेव्हा लावून देतो, त्याचे पैसे नाहीत.