लाल पारा, लसूण आणि माळ्यावरचा मर्फी

परत तो व्हिडिओ फिरतोय. जुन्या रेडिओतला व्हॉल्व (ट्रान्झिस्टरच्या आधीची काचेची नळी) दाखवतात, म्हणे महायुद्धातला आहे, आत लाल पारा, सोन्याकडे ओढला जातो, लसणापासून पळतो, आरशात दिसत नाही, किंमत कोटीत! आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकला आणि खाली विचारलं, माळ्यावरचा मर्फी रेडिओ फोडू का? काका, थांबा.

लसणाचं आधी उरकतो. सीलबंद काचेतल्या पाऱ्याला बाहेरचा लसूण कळणार कसा? सौदीत 2009 मध्ये हीच थाप शिलाई मशीनच्या नावाने पसरली होती, लोकांनी जुन्या सिंगर वाट्टेल त्या भावाने घेतल्या.

काचेच्या आत टोकाला जो चंदेरी डाग दिसतो ना, तो पारा नाहीये, बेरियम नावाचा धातू आहे. गेटर म्हणतात त्याला, आत उरलीसुरली हवा शोषून घ्यायला. काचेला तडा गेला की हाच डाग दुधासारखा पांढरा पडतो, तुमच्या मर्फीतला एक व्हॉल्व तसा झालाय, बघा जाऊन.

आता पाऱ्याचे व्हॉल्व खरंच होते, ते नाकारत नाही. 866 नावाचा रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा व्हॉल्व, चालू असला की आत निळसर उजेड पडायचा. त्याच कामाचा इग्निट्रॉन तर आणखी दांडगा, मोठे असले की स्टीलचं पिंपच, भोवती पाणी फिरवून थंड ठेवायचं आणि तळाशी पारा. युद्धात अमेरिकेला विमानांसाठी ॲल्युमिनियम हवं होतं, त्याला हजारो अँपिअर डीसी करंट लागतो, तो एसीतून काढून द्यायचं काम हे इग्निट्रॉन करायचे. पण पारा आपला साधाच, थर्मामीटरमधला. लाल असतो तो हिंगूळ, तो व्हॉल्वमध्ये कोण कशाला घालेल?

आणि व्हिडिओतलं "मोठे व्हॉल्व फक्त गुप्त शस्त्रांसाठी बनवायचे" हे तर फारच झालं. रडारला लागायचे, कबूल, पण पत्र्याच्या डब्यांनाही लागायचे! 1942 ला जपानने मलाया घेतला, तिकडचं कथील बंद झालं, मग जाड कल्हई परवडेना म्हणून पत्र्यावर विजेने पातळ थर चढवायचा, तो निघायचा मळकट, म्हणून धावता पत्रा 232 अंशांच्या वर तापवून कथील क्षणभर वितळवायचं की लख्ख चमकायचं. काही कारखान्यांत ही उष्णता पत्र्याला हात न लावता ट्रायोड नावाच्या मोठ्या व्हॉल्वच्या हाय फ्रिक्वेन्सी करंटने द्यायचे. जॅम-बीफच्या डब्यांसाठी हो सगळं!

किमतीचं म्हणाल तर ऑडिओचे शौकीन ठरावीक व्हॉल्वना हजारोंनी मोजतात, पण ते आवाजासाठी.

भंगारात 866 सापडला तर मात्र फोडू नका, पाऱ्याची वाफ विषारी असते. मर्फीलाही हात लावू नका काका, तो एक पांढरा पडलेला व्हॉल्व बदलायचाय आणि डायलचा दोरा तुटलाय, रविवारी येतो मी.