जक्कयाचा क्रम लक्षात ठेवा
एका ख्रिस्ती लेखात म्हटलंय, येशूवर विश्वास ठेवला की मागचं सगळं पाप पुसलं जातं. देवापुढं खरंच. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराजवळ भरपाईला वेळच नव्हता, तरी त्याला सुखलोकाचं वचन मिळालं. पण ज्याच्यापाशी वेळ आहे त्यानं बायबलमधल्या जक्कय या जकातदाराची गोष्ट वाचावी, लूक १९:८. अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेलं चौपट परत. येशूनं आधी हाक मारली, परतफेडीची गोष्ट नंतर निघाली. हा क्रम उलटला की माणूस क्षमा विकत घेऊ पाहतो आणि खचतो.

कापसाच्या काट्यात वजन मारलं असेल, सावकारीत कुणाचं वावर दाबलं असेल, तर त्या घरी जाऊन कबूल करा. बायबलमधली गणना ५:७ ही ओवी मुद्दलावर पाचवा हिस्सा जास्त द्यायला सांगते. आणि मंडळीनं, म्हणजे चर्चनं, नुकत्याच दारू सोडलेल्याला बाप्तिस्म्यानंतर एकटं सोडू नये, विशेषतः पोळ्याच्या दिवसांत.