घड्याळ उलटं धरून लंडन दिसत नाही

द्राक्षांचा हंगाम लागला की निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: 'हातातलं घड्याळ उलटं धरा, लंडनची वेळ दिसेल. सगळ्या युरोपात तीच. अमेरिकेसाठी फक्त दिवसाची रात्र करा. वर्षभर चालतं!' खाली फोडणी, 'आपली वेळ सूर्याची, बाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर.'

आधी घड्याळाचं बघू, कारण ते अर्धं खरं आहे आणि घोळ तिथंच होतो. आपण ग्रिनिचच्या, म्हणजे लंडनच्या थंडीतल्या वेळेच्या, साडेपाच तास पुढे. दुपारी ३ वाजता घड्याळ उलटं धरलं की साडेनऊ दिसतात. बरोबर. आता पावणेतीनला धरा. मिनिटकाटा ३ वर, तासकाटा ८ आणि ९ च्या मध्ये. कुणीही सव्वाआठच वाचणार. ग्रिनिचला मात्र तेव्हा सव्वानऊ झालेले असतात. उलटं केल्यावर तासकाटा खऱ्या जागेपेक्षा अर्धं घर मागे पडतो, म्हणून आपल्या प्रत्येक तासाच्या दुसऱ्या अर्ध्यात ही युक्ती एक तास खाते.

आणि हे सगळं लंडन ग्रिनिचच्या वेळेवर असेल तेव्हाचं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. मधले सात महिने फरक साडेचारच तासांचा. 'वर्षभर' तिथंच संपलं.

'सगळ्या युरोपात तीच' हे तर आपल्याच लोकांनी फिरवावं याचं नवल वाटतं. आपले कंटेनर जातात नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदराला, आणि ते लंडनच्या एक तास पुढे. थंडीत आपला-त्यांचा फरक साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. शिवाय हा बदल पडतो ऐन हंगामात. २०२६ मध्ये २९ मार्चला. एका वर्षी मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. आयातदाराशी त्यांच्या दुपारी २ ला बोलायचं ठरलेलं, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. घड्याळ बदललं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, नेहमीप्रमाणे साडेसहाला फोन लावला, तर तिकडे ३ वाजून गेलेले आणि साहेब बाहेर पडलेले. साडेपाचला लावायला हवा होता. तेव्हापासून आमच्या पॅकहाऊसमधून जाणाऱ्या प्रत्येक निरोपात तारीख, त्यांची वेळ आणि आपली वेळ, तिन्ही लिहितो.

अमेरिकेचं थोडक्यात. तिथं एक वेळ नाहीच. न्यूयॉर्क आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, थंडीत साडेदहा. कॅलिफोर्निया साडेबारा किंवा साडेतेरा. नेमके बारा कुठंच नाहीत. बरं, तिकडचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारीच पुढे जातं, युरोपच्या दोन-तीन आठवडे आधी. अॅरिझोनाचा बहुतेक भाग तर घड्याळाला हातच लावत नाही.

राहिला सूर्य. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरजवळची. नाशिक ७३.८ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटं धरली तर आपला सूर्य सुमारे ३५ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. खोटं वाटत असेल तर अंगणात एक काठी सरळ रोवा. सावली सगळ्यात आखूड होईल ती साडेबाराच्या पुढे-मागे, महिन्यागणिक पाव तास इकडे-तिकडे. बाराच्या ठोक्याला नाही.