संविधानाचा फेरफार

शनिवारी भाचा आला होता. जळगावला अभ्यासिकेत बसतो, राज्यसेवेची तयारी करतोय. आपल्या संविधानात कुठल्या देशाकडून काय घेतलं, याचा तक्ता हातात धरून ओट्यावर येरझारा घालत मोठ्याने पाठांतर चाललं होतं : संसदीय पद्धत ब्रिटन, मूलभूत हक्क अमेरिका, मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंड, समवर्ती सूची ऑस्ट्रेलिया, आणीबाणी जर्मनी. मी शेंगा फोडत ऐकत होतो. यादी संपल्यावर तो सहज म्हणाला, "मामा, मग यात आपलं काय?"

पोराचा दोष नाही. त्याच आठवड्यात आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'उसनं संविधान' अशा अर्थाचा मेसेज फिरत होता, तोही याच तक्त्याच्या जोरावर. तिथे मी वाद घातला नाही, घरात लग्न तोंडावर आहे. म्हणून इथे लिहितो. लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

मी तलाठी म्हणून लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आमच्या कामात सातबारा बघून जमीन आज कोणाची ते कळतं, पण त्याच्याकडे ती आली कशी ते कळत नाही. त्यासाठी गाव नमुना सहा काढावा लागतो, म्हणजे फेरफार. कोणाकडून आली, कोणत्या साली, वारसाने की खरेदीने, हरकत कोणी घेतली, तिचा निकाल काय लागला, हे सगळं तिथे असतं. भाच्याचा तक्ता हा फेरफार नव्हे. ती पारावरची ऐकीव माहिती आहे. साफ खोटी नाही, पण तिच्यावर नोंद धरता येत नाही.

जपानचंच बघा. तक्त्यात लिहिलंय : 'कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती, जपान.' एका ओळीत संपलं. आता फेरफार काढू. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि ब्रिटनला जाऊन आले. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना सावध केलं, की आमच्या घटनेतले 'ड्यू प्रोसेस', म्हणजे न्याय्य कार्यपद्धती, हे शब्द तुम्ही घेऊ नका, निवडून आलेल्या सभागृहांचे कायदे मोडण्याचं हत्यार न्यायाधीशांच्या हाती जाईल. मसुदा समितीने ते शब्द काढले आणि जपानच्या घटनेतल्या कलम ३१ च्या धर्तीवर जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचं आपलं कलम २१ आलं. आणि जपानच्या त्या घटनेचा पहिला मसुदा कोणी लिहिला? १९४६ साली तिथे तळ ठोकून बसलेल्या अमेरिकी अधिकाऱ्यांनी! म्हणजे अमेरिकी न्यायाधीशाच्या सल्ल्याने अमेरिकी शब्द टाकले आणि त्या जागी अमेरिकनांनीच जपानला लिहून दिलेले शब्द घेतले. पुढे १९७८ साली मनेका गांधी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीच असली पाहिजे असं ठरवलं, आणि टाकलेला अर्थ मागच्या दाराने घरात आला. आता सांगा, मालक कोण लावायचा? जपान?

आयर्लंडचंही तेच. मार्गदर्शक तत्त्वांचा नमुना तिथला, हे खरं. पण बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना सभेला सांगितलं, की इंग्रजांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली गव्हर्नरांना जी सूचनापत्रं दिली जात, तसलाच हा प्रकार आहे, फक्त आता त्या सूचना कायदेमंडळाला आणि सरकारला आहेत.

या १९३५ च्या कायद्याला आमच्या भाच्याच्या तक्त्यात एकच ओळ आहे, आणि खरा मोठा खातेदार तोच. केंद्र, प्रांत आणि समवर्ती अशा तीन याद्या तिथल्या. राष्ट्रपती राजवटीचं कलम ३५६ वाचून त्या कायद्याचं कलम ९३ वाचा, सख्खी भावंडं वाटतील. त्याच ९३ खाली मुंबई प्रांतात १९३९ पासून १९४६ पर्यंत गव्हर्नरचा अंमल होता. हे घ्यायला नको होतं असं माझं मत आहे आणि ते मी लपवत नाही. पण बाबासाहेबांनी तेव्हा सरळ सांगून टाकलं, की या कायद्यातून घेतलं याबद्दल मी माफी मागणार नाही, उसनं घेण्यात लाज नाही, घटनेच्या मूळ कल्पनांचं पेटंट कोणाकडे नाही. पुढचं मात्र मेसेजवाले सांगत नाहीत. आपल्याला वाईट वाटतं ते कारभाराचे बारीकसारीक तपशील घटनेत घालावे लागले याचं, असंही ते म्हणाले. का घालावे लागले? घटनेला हात न लावता नुसता कारभार वाकवूनही लोकशाही मारता येते म्हणून. इथली माती मुळात लोकशाहीची नाही, लोकशाही हे वरून दिलेलं खत आहे, असं त्यांचं म्हणणं. इंग्रजीत त्यांनी शब्द वापरला 'टॉप-ड्रेसिंग'. केळीवाल्यांना समजावून सांगायला नको, आपण त्याला वरखत म्हणतो. तीस-पस्तीस वर्षं दप्तर सांभाळलेल्या माणसाला हे वाक्य फार लागतं.

आता आपल्या मातीकडे येतो.

जळगाव जिल्ह्यातलं फैजपूर. डिसेंबर १९३६. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरींनी आणि साने गुरुजींनी त्यासाठी गावोगाव पायपीट केली. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस येऊन त्यांनी बांबू आणि मिळेल त्या गावठी सामानातून टिळकनगर उभं केलं. आमचे आजोबा बैलगाडीने गेले होते. त्यांना भाषणांतलं फारसं काही आठवत नसे, गर्दी आणि थंडी तेवढी आठवे.

पण तिथे ठराव काय झाला बघा. १९३५ चा कायदा आम्हाला नामंजूर, देशाची घटना प्रौढ मताधिकाराने निवडलेली घटना समितीच करील. ही मागणी काँग्रेसने आधीही केली होती, फैजपूरला ती केळीच्या मुलखात, शेतकऱ्यांच्या गर्दीसमोर पुन्हा ठणकावली. दहा वर्षांनी, ९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभा बसली. निवडली कोणी? प्रांतांच्या कायदेमंडळांनी. आणि ती कायदेमंडळं कशाखाली निवडलेली? त्याच १९३५ च्या कायद्याखाली, मोजक्याच लोकांना मत असताना! ज्याला फैजपूरला नाकारलं त्याच्याच अंगणात सभा भरली, आणि त्याच सभेने प्रौढ मताधिकाराचं कलम ३२६ लिहून फैजपूरची मागणी पुरी केली. माझ्या आजीने पहिल्यांदा मत दिलं ते त्या कलमाच्या जोरावर. फेरफार असा गुंतागुंतीचा असतो, त्यात एकाच नोंदीवर हरकत घेणारा आणि लाभ घेणारा एकच निघतो.

आणि ते नंदलाल बोस? संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची चित्रं त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनीच काढली. म्हणजे फैजपूरचे बांबू ज्या हातांनी सजवले, तेच हात तिथेही होते. हे परीक्षेत विचारत नाहीत.

ग्रुपवर दुसरी एक पार्टी आहे, तिचं म्हणणं की सगळं आपल्या जुन्या ग्रंथांत होतंच. त्यांनाही सांगतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघांचे दाखले दिलेत : बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, सगळं तिथे होतं. पण लगेच ते असंही म्हणाले, की ही पद्धत भारताने गमावली. गमावलेली जमीन वहिवाटीत दाखवता येत नाही.

आता माझ्या नोकरीतलं. मी काही वर्षं सातपुड्यातल्या अक्राणी तालुक्यात होतो, तिथलं मुख्य गाव धडगाव. धडगावला बदली म्हणजे शिक्षा असं लोक समजायचे, मला मात्र तिथेच काम कळलं. आदिवासी खातेदाराच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत शेरा असतो, जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६अ, म्हणजे ही जमीन बिगर आदिवासीला सहजासहजी जाणार नाही. हा शेरा मी शेकडो वेळा लिहिला असेल. त्याच्या मागे घटनेची पाचवी अनुसूची, म्हणजे आदिवासी क्षेत्रांच्या कारभाराची, उभी आहे, हे मात्र निवृत्तीनंतर जुनी कागदपत्रं वाचली तेव्हा नीट उमगलं.

इंग्रजांनी १८१८ ला खानदेश घेतला. भिल्लांशी लढून भागेना म्हणून १८२५ ला भिल्ल एजन्सी काढली, आउटरम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. तरी १८५८ साली खाज्या नाईक अंबापाणीला लढलेच. मग १८७४ ला अनुसूचित जिल्ह्यांचा कायदा आला : अशा मुलखाला नेहमीचे कायदे लावायचेच असं नाही. त्याच्या यादीत आपले मेवासी, म्हणजे सातपुड्यातले छोटे सरदार, होते. १९३५ च्या कायद्याखाली हाच पट्टा 'अंशतः वगळलेलं क्षेत्र' झाला. ती यादी मुद्दाम वाचा : पश्चिम खानदेशातला नवापूर पेटा, अक्राणी महाल, आणि काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर इथल्या मेवासी सरदारांची गावं. पूर्व खानदेशातून सातपुड्याचं राखीव जंगल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित क्षेत्र म्हणून हीच नावं परत आली. होळीला काठीला नाचायला जाता ना, तीच ही काठी.

पण नुसती नक्कल नाही झाली. १९३५ च्या कायद्यात गव्हर्नरने सांगितल्याशिवाय या मुलखाला कुठलाच नवा कायदा लागू होत नसे. पाचव्या अनुसूचीत ते उलटं केलं : कायदे लागू, पण राज्यपाल एखादा कायदा थांबवू किंवा बदलून लावू शकतात, जमिनीच्या हस्तांतरावर बंदी घालू शकतात, आणि सल्ल्याला आदिवासी सल्लागार परिषद. इंग्रजांचं कुंपण ठेवलं, पण आतला माणूस नागरिक झाला. सभेत आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा म्हणालेच होते, की आदिवासींना तुम्ही लोकशाही शिकवू शकत नाही, ती त्यांच्याकडून शिका. त्यांना हवं होतं तेवढं मिळालं नाही. राज्यपालांनी तो अधिकार वापरला तरी किती, यावर वेगळी पोस्ट होईल.

हे सगळं भाच्याला सांगता सांगता शेंगा संपल्या. आमच्या ओट्यावरून सातपुडा दिसतो, तो त्याला दाखवला. त्याने तक्त्याच्या कडेला पेन्सिलीने लिहून घेतलं : पाचवी अनुसूची, काठी. मग विचारलं, "मामा, हे परीक्षेत येईल का?"

नाही येणार, म्हटलं. पण आलंच तर काठीचा तालुका अक्कलकुवा लिही, धडगाव नको.